विरी गेलेलं पीठ

प्रिय मावशी, सलाम.

माझं माहेर अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातलं. लग्न होऊन इंदूरला आले त्याला एकोणीस वर्षं झाली. मिस्टर पिथमपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. सात महिन्यांपूर्वी त्यांना कामावरून कमी केलं. सासूबाईंना मागच्या नाताळाआधी पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली आणि बोलणं जवळजवळ बंद. मुलगी बारावीला आहे. मी घरी शिलाई करते, त्यावर सध्या घर चाललंय.

पूर्वी मी सकाळी अर्धा तास प्रार्थनेला बसायचे. आता डोळे मिटले की हप्ता, फी आणि सासूबाईंची औषधं, एवढंच समोर येतं. एक दिवसाआड पाचला नळ येतो, तेव्हापासून जी पळापळ सुरू होते ती रात्री अकरापर्यंत. शब्दच येत नाहीत. देव ऐकत नाही असं वाटतं, आणि तसं वाटलं म्हणून अपराधी वाटतं. चर्चमध्ये सगळे हिंदीत घडाघडा प्रार्थना करतात, माझी पाळी आली की मी गप्प. नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, “तुझा विश्वास कमी पडतोय, म्हणून अडलंय.” बाहेरून आलेल्या एका प्रचारकांनी सांगितलं की चाळीस दिवस उपवास कर आणि अकरा हजारांचं ‘विश्वासाचं बी’ पेर. मावशी, घरात आहेत ते पैसे मुलीच्या फीचे. मला बीपीची गोळी चालू आहे. रात्री तीनला जाग येते ती येतेच. रात्रीची घरची प्रार्थनाही महिनाभर बंद पडली आहे, कारण सुरू कोण करणार हाच प्रश्न.

देवाच्या जवळ कशी राहू? त्याच्यावर पूर्ण भरवसा कसा ठेवू?

तुझी एक भाची, सुदामा नगर, इंदूर

प्रिय मुली, सलाम.

आधी पैशांचं सांगते. बाकीचं दोन दिवस थांबलं तरी चालेल, हे थांबणारं नाही. अकरा हजार देऊ नकोस. फीचे पैसे फीलाच जाऊ देत. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय काढ. शिमोन नावाचा जादूगार पेत्रापुढे पैसे ठेवतो आणि देवाचं दान मागतो. पेत्र त्याला काय म्हणाला ते तुझ्या डोळ्यांनी वाच. इतकं कडक बोलणं पेत्राच्या तोंडी फार ठिकाणी सापडायचं नाही. तुझ्यासारख्या अडलेल्या बाईकडून फीचे पैसे मागणाऱ्याला हा अध्याय माहीत नाही असं मी मानत नाही, आणि म्हणूनच मला त्याचा राग येतो. मंडळीत दान जरूर दे, पण पौल करिंथकरांना लिहितो तसं: खंत वाटून नाही, भाग पडलं म्हणून नाही. सध्या दहा रुपये टाकलेस तरी ज्याने विधवेची दोन नाणी पाहिली तो तेही पाहतो.

चाळीस दिवसांचा उपवासही नको. चौतीस वर्षं नर्स होते, त्यामुळे हे जरा ठामपणे सांगते. बीपीची गोळी चालू असताना उपाशी राहायचं, त्यात सासूबाईंना कुशीवर वळवायचं, उचलून बसवायचं. चक्कर येऊन पडलीस तर घरात दोघी अंथरुणाला. शास्त्रात चाळीस दिवसांच्या गोष्टी अनेक आहेत, त्यातली मला सगळ्यात जवळची वाटते ती एलीयाची. पहिले राजे, एकोणिसावा अध्याय. इतका मोठा संदेष्टा, पण जीव मुठीत धरून रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला की आता पुरे, माझा जीव घे. मग झोपला. देवदूत आला तो त्याला रागावला नाही, ‘तुझा विश्वास कुठे गेला’ असंही विचारलं नाही. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर ठेवली आणि पाण्याचं भांडं. एलीया जेवला आणि परत झोपला, देवाने झोपू दिलं. दुसऱ्यांदा उठवून देवदूत म्हणाला, ऊठ, खा, तुला लांब जायचंय. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालून होरेबला पोचला, आणि देवाचा तो मंद, शांत आवाज त्याला तिथे ऐकू आला. चाळीस दिवस इथेही आहेत, पण ते जेवून निघालेल्या माणसाचे आहेत. तू सकाळचा नाश्ता दुपारी दोनला करत असशील, पैज लावते. आधी तो वेळेवर कर.

आता त्या नात्यातल्या बाईंचं. त्यांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांचाही नव्हता. ते लांबून आले, त्याची दशा बघून मोठ्याने रडले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. तोंड उघडलं आणि चुकायला लागले, कारण तिघांचं म्हणणं फिरून फिरून एकच: तुझंच काहीतरी कमी पडलं असणार. ईयोब देवाला जे बोलला ते तुझ्या पत्रातल्या बोलण्यापेक्षा कितीतरी कडू आहे. जन्मदिवसाला शाप देण्यापर्यंत गेला तो. आणि शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायात, देव कोणावर रागावतो? मित्रांवर. माझ्याविषयी नीट बोलला तो माझा सेवक ईयोब, तुम्ही नव्हे, असं त्यांना सांगतो. ‘तू ऐकत नाहीस का’ असं वाटणं हे पाप आहे असं तुला कोणी शिकवलं असेल तर ते सोडून दे. स्तोत्रांचं पुस्तक असल्याच प्रश्नांनी भरलेलं आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर सबंध अंधारात आहे आणि अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळसुद्धा नाही. तरी ते शास्त्रात ठेवलंय, आणि बोललंय देवाशीच.

आणखी एक. गेथशेमाने बागेत प्रभूने तीनदा तेच मागितलं, हा दुःखाचा प्याला टळू दे. प्याला टळला नाही. विश्वास कमी पडला म्हणून टळला नाही, असं कोणी म्हणू धजेल का?

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले तिकडे येते. तू विचारतेस, पूर्ण भरवसा कसा ठेवू. त्या ‘पूर्ण’ शब्दाशी मी बराच वेळ अडले.

मी लग्न होऊन इंदुरात आले तेव्हा आमच्याकडे रोज ज्वारीची भाकरी असायची. सासूबाई सोलापूरकडच्या, त्यांना पोळीने पोट भरल्यासारखं वाटत नसे. दळण आठवड्यापुरतंच टाकायचं, हा त्यांचा नियम. मला तो निव्वळ हट्ट वाटायचा. एकदा त्या गावाला गेल्या तेव्हा चकरा वाचाव्यात म्हणून मी दहा किलो एकदम दळून आणलं आणि डबा गच्च भरून ठेवला. पहिले काही दिवस छान गेले. तीन आठवड्यांनी परातीत भाकरी थापायला घेतली तर कडा फाटायला लागल्या. पाणी लावून सांधली, हातावर घेतली, तव्यावर टाकली आणि मधोमध दोन तुकडे. दुसरी घेतली, तेच. सासूबाई आदल्या रात्री परतल्या होत्या. त्यांनी चिमूटभर पीठ बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाल्या, “विरी गेली याची. कडकडीत पाणी घाल, आजचं भागेल. उद्या ताजं दळून आण.” विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. सासूबाई रागावल्या नाहीत. डबा मात्र माझ्यासमोर रिकामा करून गाईच्या आंबोणात घातला.

मुली, रात्री तीनला तू हेच करतेस. पुढच्या वर्षीची कॉलेजची फी, मिस्टरांना काम मिळेल की नाही, सासूबाईंची पुढची पाच-सात वर्षं, हे सगळं एकदम समोर मांडतेस आणि त्या सगळ्याला पुरेल एवढा भरवसा आज रात्रीच्या रात्री डब्यात आहे का ते बघतेस. नसतो. कोणाकडेच नसतो. पाळकसाहेबांकडेही नाही, माझ्याकडेही नाही. मग तू म्हणतेस, माझा विश्वास संपला. संपलेला नाही. दहा वर्षांचा साठा होत नाही, एवढंच.

निर्गमच्या सोळाव्या अध्यायात रानातल्या इस्राएलांसाठी आकाशातून मान्ना नावाचं अन्न पडतं ती गोष्ट तू शब्बाथशाळेत ऐकली असशील. मला त्यात नेहमी थांबवतो तो एक बारकावा. काही जणांनी तो सकाळसाठी उरवून ठेवला. पोरं उपाशी राहू नयेत म्हणूनच ठेवला असेल, आई आहे म्हटल्यावर कोण नाही ठेवणार? सकाळी त्यात किडे पडले होते आणि घाण सुटली होती. शब्बाथाचा, म्हणजे विसाव्याच्या दिवसाचा, आदला दिवस सोडला तर कोणाच्याच मडक्यात उद्याचं नव्हतं, आणि असं चाळीस वर्षं चाललं. देवाला एकदम वर्षाचं देता येत नव्हतं असं थोडंच आहे? रोज सकाळी तंबूबाहेर यावं लागायचं, वाकून वेचावं लागायचं. प्रभूने शिष्यांना प्रार्थना शिकवली त्यातही तेच मागितलंय: आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. आजची, आज.

विलापगीतातली देवाच्या दयेबद्दलची ती ओळ, ‘ती रोज सकाळी नवी होते’, आपण कॅलेंडरवर फुलांच्या चित्राखाली वाचतो. ती लिहिली गेली तेव्हा यरुशलेम जळून गेलं होतं, पोरं रस्त्यात भुकेने कोसळत होती. पाच अध्यायांचं ते पुस्तक, आणि ही ओळ येते बरोबर मधे, तिसऱ्या अध्यायात. तिच्यानंतर रडणं थांबत नाही, पुन्हा सुरू होतं. मला यात मोठा धीर मिळतो. लिहिणाऱ्याचं दुःख संपलं नव्हतं, तरी त्या एका सकाळपुरतं त्याला पुरेसं मिळालं होतं.

म्हणजे उद्याची तजवीज करायची नाही असं नव्हे. मिस्टरांचा हिशेब पूर्ण मिळाला का, ते तू लिहिलं नाहीस. पाच वर्षांहून जास्त नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटी त्यांच्या हक्काची आहे. मिळाली नसेल तर कामगार कार्यालयात जाऊन विचारायला सांग. हप्ता चुकण्याआधी बँकेत जाऊन भेटा, चुकल्यावर नको. दिवसाच्या उजेडात करायची कामं दिवसा करायची, तीही देवाच्या नावानेच. रात्री तीनला त्यातलं एकही होत नाही.

प्रार्थनेचा अर्धा तास आता विसर. तो पुढे कधीतरी परत येईल, नाही आला तरी देव रुसणार नाही. नळ येतो त्या दिवशी टाकी भरेपर्यंत मोटरजवळ उभी असतेसच ना? तेवढा वेळ पुरे. रात्री झोपताना एक वचन कागदावर लिहून ठेव आणि सकाळी तेच तिथे म्हण, दहा वेळा म्हण. मग मनात सगळ्यात वर जे असेल ते जसंच्या तसं सांग. ‘प्रभू, फी भरायची आहे आणि मला भीती वाटते.’ झाली प्रार्थना. अलंकार नको, ‘हे परमपवित्र’ने सुरुवातही नको. ते नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तर किलोमीटर चढून येतं, तू झोपेत असतेस तेव्हाच निघालेलं असतं. मोटर लावताना मला नेहमी हे आठवतं. नळ नसतो त्या दिवशी कणीक मळताना म्हण, शिलाई मशीनवर दोरा ओवताना म्हण.

आणि म्हण मराठीत. इथलं मंडळीचं काम १८७७ पासून कॅनडाच्या मिशनऱ्यांनी मुख्यतः हिंदीत उभं केलं, म्हणून आपली उपासना हिंदीत असते. त्यात वाईट काही नाही, मीही पन्नास वर्षं हिंदीतच गाते. पण रडताना माणूस आईच्या भाषेत रडतो. पंडिता रमाबाई म्हातारपणापर्यंत केडगावला हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या आणि सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं, कारण त्यांच्यासमोर कमी शिकलेल्या, खेड्यातल्या बायका होत्या. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याआधी काम पुरं केलं होतं. एवढ्या विदुषीने आयुष्याची शेवटची वर्षं यात घातली ती आपल्यासारख्या बायकांना देवाचं बोलणं थेट कळावं म्हणूनच ना? मग आपलं बोलणं त्याला मराठीत कळेल याची शंका कशाला? सभेत तुझी पाळी आली की दोन ओळी मराठीत म्हण. इंदुरात मराठी कळणारी माणसं पुष्कळ आहेत. नाही जमलं तर नुसतं ‘आमेन’ म्हण.

शब्द अजिबात येत नाहीत अशा दिवसांसाठी तुला माझं सांगते. माझे मिस्टर नऊ रात्री अतिदक्षता विभागात होते. मी इतक्या वर्षांची नर्स, कितीतरी रुग्णांच्या उशाशी प्रार्थना केलेली, पण त्या बाकावर मला ‘हे प्रभू’च्या पुढे सरकता येईना. तिसऱ्या रात्री आमच्या महिला मंडळातली एक बाई दुधाचा थर्मास घेऊन आली. मला काही विचारलं नाही, समजूतही घातली नाही. बाजूला बसली आणि हळू आवाजात तेविसावं स्तोत्र म्हणायला लागली. मी ओठसुद्धा हलवले नाहीत. ती उरलेल्या सगळ्या रात्री आली. माझे मिस्टर त्या आजारातून उठले नाहीत. तरीही त्या नऊ रात्रींत देव तिथे नव्हता असं मला म्हणवत नाही, कारण तो थर्मास मी पाहिलाय. चौघे जण पक्षाघात झालेल्या माणसाला छत उसकटून प्रभूपुढे सोडतात ना, मार्कच्या दुसऱ्या अध्यायात, तिथे ‘त्यांचा विश्वास पाहून’ असं लिहिलंय. खाटेवरच्या माणसाला विश्वास होता की नव्हता, शास्त्र त्याबद्दल काही बोलत नाही. सासूबाईंच्या त्या कडकडीत पाण्यासारखं आहे हे. आपल्या पिठात विरी नसते त्या दिवशी दुसऱ्या कोणाकडून ऊब घ्यावी लागते.

तेव्हा मंडळीतल्या दोघी-तिघींना खरं काय चाललंय ते सांग. उपदेश मागू नकोस, काम माग. मंगळवारी दुपारी दोन तास कोणीतरी सासूबाईंजवळ बसावं, एवढंच. त्या दोन तासांत तू झोप.

झोपेवरून आठवलं. तीनची जाग महिनोन्महिने टिकली असेल तर बीपी तपासायला जाशील तेव्हा डॉक्टरांना ती मुद्दाम सांग. मनावर फार भार आला तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. डॉक्टरकडे जाणं हे अविश्वासाचं लक्षण आहे असं कोणी म्हणालं तर लूक वैद्य होता हे त्याला सांग.

मिस्टरांबद्दल पत्रात एकच ओळ आहे. सात महिने घरी बसलेल्या पुरुषाला वचनं ऐकवू नकोस. त्यांच्याशी बोल, भाजी आणायला बरोबर जा. घरच्या प्रार्थनेत ‘तुम्ही चालवा’ असा आग्रहही धरू नकोस. त्यांना नुसतं बायबल हातात घेऊन पान काढून द्यायला सांग, वाचू दे लेकीला. एकच लहान स्तोत्र, अभ्यासातून पाच मिनिटं.

सुरू कोण करणार, असं विचारलंस. सासूबाईंना करू दे. हे मी उगाच म्हणत नाही. उजवी बाजू आणि वाचा एकदम गेलेले रुग्ण मी खूप पाहिलेत. पाणी मागायला त्यांना शब्द सापडत नाही, पण लहानपणापासून पाठ असलेली गाणी आणि प्रार्थना पुष्कळदा आत शाबूत राहिलेल्या असतात. स्वतःहून येत नाहीत, कोणीतरी सुरू करून द्यावं लागतं. आज रात्री त्यांच्या खाटेभोवतीच बसा. त्यांचा डावा हात हातात घे, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एवढं सावकाश म्हण आणि थांब. घाई करू नकोस, मनात वीस आकडे मोज. पुढचा शब्द आला तर येऊ दे, अर्धा आला तरी पुरे. नाही आला तर तू पुढची ओळ म्हण आणि परत थांब. ‘आमची रोजची भाकर’ आली की जरा जास्त वेळ थांब. काय झालं ते मला कळव.

तुझी मावशी